फोन नको, नेट हवंय

“नेट घ्यायचंय हो मॅडम, पण आमच्याकडे लँडलाइन नाही. आधी तो घ्यावा लागेल का?” चिपळूणच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे. मुलगा पुण्याला, सून घरून काम करणारी, गणपतीला आठ दिवस येऊन राहायचं तर घरात नेट हवं, असा निरोप आलेला असतो. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. टेलिफोन नसला तरी नेट मिळतं, आणि आज मिळणाऱ्या बहुतेक जोडण्या तशाच असतात. पण एवढं सांगून मी कुणाला सोडत नाही. फोन लागत नाही हे कळलं, की माणूस थेट वेग आणि भाव विचारायला लागतो. त्याआधी विचारायची गोष्ट वेगळीच आहे. तार तुटली तर ती जोडायला कोण येणार?

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. ३१ जानेवारी २०२०ला बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे ७८ हजार कर्मचारी एकदम बाहेर पडले, त्यांत मी होते. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे ब्रॉडबँडच्या तक्रारी होत्या. त्यामुळे लोकांच्या मनात फोन आणि नेट अजून एकत्र का बांधलेले आहेत, हे मला चांगलं ठाऊक आहे. ते तसे बांधलेलेच होते.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलकडून. तेव्हा मोडेम चक्क फोन लावायचा. तो कर्कश किर्र आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवत असेल, नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. मग २००४ साली केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि २००५च्या जानेवारीत बीएसएनएलने, मुंबई-दिल्लीत एमटीएनएलने ब्रॉडबँड सुरू केलं. त्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, अशी व्याख्या होती. पुढे २०१३मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३मध्ये २ एमबीपीएस.

हे ब्रॉडबँड यायचं तांब्याच्या तारेवरून. एक्सचेंजमधल्या एमडीएफवरून, म्हणजे सगळ्या तारांच्या मुख्य चौकटीवरून, तारांची एक जोडी निघायची, रस्त्यावरच्या पिलरमध्ये जायची, तिथून आळीतल्या डीपीत, म्हणजे तारा वाटणाऱ्या डब्यात, आणि डीपीतून ड्रॉप वायरने तुमच्या पडवीत. माणसाचं बोलणं त्या जोडीवर चार किलोहर्ट्झच्या आत मावतं. त्याच्या वरची सगळी जागा मोकळी पडलेली. एडीएसएल या तंत्राने ती जागा वापरली, साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत. घरात एक छोटी पांढरी डबी बसायची, स्प्लिटर. ती खालचा आवाज फोनकडे आणि वरचा डेटा मोडेमकडे वळवायची. त्यामुळे बोलता बोलता नेट चालू लागलं. घर एक्सचेंजपासून तीन-चार किलोमीटरच्या पुढे असलं, की मात्र वेग घसरायचा. वरच्या लहरी तांब्यात लांब टिकत नाहीत, त्याला कुणाचा इलाज नव्हता. वाडीतल्या लोकांना मी हे परोपरीने समजावलं आहे.

तर तार फोनची, म्हणून नेटही फोनच्या नावावर. नंबर एक, बिल एक, आणि बिल थकलं की दोन्ही बंद. ज्यांना फोन नको होता त्यांनाही त्याचं भाडं द्यावं लागायचं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतही डीएसएलसाठी फोन घेण्याची सक्ती असायची. २००६च्या अखेरीस एटी अँड टी आणि बेलसाउथ या कंपन्यांच्या विलीनीकरणाला परवानगी मिळाली, तेव्हा फोनशिवाय डीएसएल देण्याचं वचन कंपनीला द्यावं लागलं होतं.

फायबरने ही गाठ सोडवली. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्यात फोनची वेगळी तार नाही आणि विजेचा प्रवाहही नाही. उलट आता फोनच नेटवरून येतो. भिंतीवर जे यंत्र बसवतात, ज्याला ओएनटी म्हणतात, त्याच्या मागे बहुधा टेलिफोनचा साधा सॉकेट असतो. हवा तर त्यात जुना फोन लावायचा, नको तर तो रिकामा राहू द्यायचा. कित्येक प्लॅनमध्ये नंबर फुकट असतो.

ज्यांच्याकडे जुना लँडलाइन आहे त्यांना एक सांगते. मोबाइलचा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलता येते, लँडलाइनचं तसं नाही. दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलंत तर तुमचा जुना नंबर तिकडे जाणार नाही. त्याच कंपनीचं फायबर घेतलंत तर तो बहुधा राखता येतो, पण तसं अर्जावरच लिहून द्या. बँकेत, गॅस एजन्सीत, पेन्शनच्या कागदांवर वर्षानुवर्षं तोच नंबर असतो. तांब्याची जोडणी परत करण्याआधी तो सगळीकडे बदलून घ्या.

आता जोडणीचं काम कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे, कारण चांगलं आणि वाईट काम इथेच ठरतं. आमच्या शेजारच्या काकूंकडे जोडणी आली तेव्हा मी ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. मुलगा खांबावरून काळी चपटी ड्रॉप केबल ओढत आला. तिच्या दोन बाजूंना ताणासाठी बारीक तार असते आणि मध्ये आपला तंतू. आवरण सोलल्यावर जो उरतो तो १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश जातो तो त्याच्याही गाभ्यातून, जेमतेम ९ मायक्रॉनच्या. मुलाने तंतू स्पिरिटच्या कापसाने पुसला, क्लीव्हरवर ठेवून टोक सरळ तोडलं आणि तुटलेला तुकडा चिकटपट्टीवर ठेवला. हे त्याने नीट केलं म्हणून मला बरं वाटलं. तो तुकडा जमिनीवर पडला आणि पायात गेला तर दिसत नाही, निघत नाही. मग दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशिनात समोरासमोर. पडद्यावर दोन करड्या दांड्या सरकत जवळ येतात, एक ठिणगी, आणि त्या एक होतात. खाली आकडा आला ०.०२, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश नगण्य. वर संरक्षणाची नळी सरकवली, ती तापवून आवळली, काम झालं.

यानंतर एक गोष्ट मागून घ्या: पॉवर मीटरचा आकडा. घरात पोचलेला प्रकाश उणे आकड्यांत मोजतात, उणे ८ आणि उणे २७ यांच्या मधे असला की यंत्र चालतं. काकूंकडे उणे १९ आला, उत्तम. उणे २५ किंवा त्याखाली असेल तर नेट आज चालेल, पण पहिल्या पावसात, पहिल्या वाकलेल्या केबलला बंद पडेल. मी तिथल्या तिथे जोड पुन्हा करायला सांगते. मुलं कुरकुरतात, पण करतात. तो आकडा एका कागदावर तारखेसह लिहून ओएनटीच्या मागे चिकटवून ठेवा. पुढे तक्रार झाली, की “आधी एवढा होता, आता एवढा का?” हे विचारता येतं. आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

फायबरला पाण्याचं भय नाही, तांब्यासारखं ते गंजत नाही. त्याला भय वाकण्याचं. तार कोपऱ्यात काटकोनात मुडपली, की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. दारात चेपलेली, फ्रिजमागे दाबलेली, खिळ्यावर गुंडाळलेली केबल मी घराघरांत बघते. बाहेर आमच्याकडे वानर आहेत. खांबावरून खांबावर उडी मारताना केबलला लोंबकळतात, आणि तांब्याची ड्रॉप वायर जे सहन करायची ते फायबर करत नाही. शिवाय रस्त्याची कामं. जेसीबीचा एक फाळ खाली गेला, की आख्ख्या आळीच्या ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागतो. दिवा लाल म्हणजे प्रकाशच येत नाही, राउटर शंभरदा बंद-चालू करून उपयोग नाही. लाल दिवा नाही आणि तरी नेट नाही, तर दोष पुढे कुठेतरी किंवा तुमच्या रिचार्जमध्ये. एवढं फोनवर नीट सांगितलंत तर दुरुस्तीचा अर्धा दिवस वाचतो.

म्हणूनच माझा आग्रह दुरुस्तीचा. मुंबई-पुण्यात एका इमारतीत चार कंपन्या असतील, तिथे एकाची सेवा वाईट तर दुसरा. तालुक्याच्या गावात दोन, वाडीत एक. एखाद्या मोठ्या कंपनीचा दर कमी असेल, पण तिचा माणूस जर तीस किलोमीटरवरून येणार असेल, आणि गावचा केबलवाला महिन्याला शंभर रुपये जास्त घेत असेल पण त्याच्याकडे स्वतःचं स्प्लायसिंग मशीन असेल, तर मी डोळे मिटून केबलवाल्याकडे जा म्हणते. मशीन स्वतःचं आहे का, हा प्रश्न विचाराच. भाड्याने आणणारा चार तक्रारी साठल्याशिवाय येत नाही. बीएसएनएलचं फायबरही आज पुष्कळ गावांत स्थानिक केबलवाल्यांच्या भागीदारीतूनच घरात पोचतं. केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं, तरी तिथून घरापर्यंत कुणीतरी न्यावंच लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा हाच माणूस. गावाकडच्या नेटचा खरा कणा तो आहे, आणि त्याच्याकडे लक्ष दिलं जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

चिपळूणच्या पाग भागात राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी मात्र दर बघून नेट घेतलं, वर्षाचे पैसे आगाऊ भरून, कारण जोडणीचे पैसे माफ होत होते. जूनमध्ये केबल तुटली. कॉल सेंटरवरचा आवाज दर वेळी नवा, दर वेळी चोवीस तासांत होईल. गुरुजींचा आवाज इतका मऊ, की त्यांचा कुणाला दबाव वाटतच नाही. गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, यांना वर्गात मुलं घाबरायची, आता हे एका मशीनला नमस्कार करतायत.” शेवटी कुणी आलं नाही, राहिलेल्या महिन्यांचे पैसे गेले. म्हणून पहिल्यांदा एकाच महिन्याचे, फार तर तीन महिन्यांचे पैसे भरा. पावसाळा काढून बघा. मग वर्षाचं बोला.

विजेचा विषय मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या फोनला घरची वीज लागत नव्हती. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवरून उणे ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेतून यायचा, म्हणून वादळात दिवे गेले तरी फोन लागायचा. फायबरमध्ये वीज येत नाही. दिवे गेले की ओएनटी बंद, आणि त्यात लावलेला फोनही मुका. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं बंद करायची मुदत आधी २०२५च्या अखेरची होती, ती जानेवारी २०२७पर्यंत पुढे ढकलावी लागली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातली धोक्याची घंटी त्या लँडलाइनवर चालायची, हे त्यामागचं मोठं कारण. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही. बाहेरगावच्या मुलांना आईवडिलांशी बोलता येईना. तो दिवस ज्याने काढलाय त्याला हे समजवावं लागत नाही.

उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, हातात मावेल एवढा. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात, पण विकत घेण्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर निदान तेवढे. मात्र तुमच्या घरी दिवा राहून भागत नाही, पलीकडेही वीज हवी. ऑपरेटरच्या मुख्य यंत्रापासून घरापर्यंत प्रकाश वाटणारे फायबरचे स्प्लिटर असतील तर उत्तम, कारण त्यांना वीज लागतच नाही. एका तंतूचे बत्तीस किंवा चौसष्ट भाग नुसत्या काचेने होतात. पण काही जुन्या जाळ्यांत मधे कुणाच्या माडीवर, कुणाच्या जिन्यात विजेवर चालणारे डबे असतात. त्या घरचा फ्यूज उडाला की तुमचं नेट गेलं. शहरातल्या इमारतीत तळमजल्यापर्यंत फायबर आणि वर लॅनची वायर असेल, तर तिथेही तोच प्रकार. म्हणून ऑपरेटरला विचारा, मधे वीज लागणारं काही आहे का, आणि मुख्य यंत्राला बॅटरी किती तासांची आहे. जो पटकन उत्तर देतो त्याला आपलं जाळं माहीत आहे.

तार पोचतच नसेल तर एअरफायबर. एअरटेलने आणि जिओने २०२३ साली ते आणलं, जिओने तर गणेश चतुर्थीच्या दिवशी. छपरावर एक यंत्र बसतं, ते टॉवरचा फाइव्ह-जी सिग्नल घेतं आणि घरात वायरने देतं. वानरांचा आणि जेसीबीचा प्रश्न मिटतो. पण टॉवर वाटून घेतलेला असतो, संध्याकाळी सगळे एकदम बसले की वेग पडतो, आणि आमच्यासारख्या डोंगराआडच्या वाडीत मुळात सिग्नलच नसतो. चाचणी घ्यायची तर रात्री आठ ते दहामध्ये घ्या, सकाळी अकराला सगळंच वेगवान असतं.

वेगाबद्दल फार बोलत नाही. जाहिरातीतले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. एचडी सिनेमाला पाचेक एमबीपीएस पुरतात. चार माणसांच्या घराला ५० भरपूर झाले. अमर्याद म्हटलेल्या प्लॅनलाही मर्यादा असते, बहुधा महिन्याला ३,३०० जीबीची, पण साधं घर तिथवर पोचत नाही. सांगितलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरून हिशेब करा. राउटर तुमचा की कंपनीचा, अनामत परत मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्या.

आणि वेग कमी वाटला तर आधी भिंतीकडे बघा. कोकणातली जांभ्याची भिंत जाड असते, ५ गिगाहर्ट्झचा वायफाय तिच्यातून धड जात नाही. २.४चा थोडा जातो. ओटीवर राउटर आणि माजघरापलीकडच्या खोलीत सून लॅपटॉप घेऊन बसलेली, असं असेल तर महागडा प्लॅन घेऊन काही होणार नाही. ओएनटीपासून त्या खोलीपर्यंत एक लॅन वायर टाका आणि तिथे दुसरा साधा राउटर लावा.

शेवटचं तक्रारीचं. प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागा, नुसत्या व्हॉट्सॲपवर समाधान मानू नका. केबलवाल्याकडून घेतलं असेल तर पावतीवर ज्या परवानाधारक कंपनीची सेवा तो देतो तिचं नाव बघा, जबाबदारी तिची असते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वर एक अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. तक्रार केंद्राने ऐकलं नाही तर डॉकेट नंबर घेऊन तिथे अपील करता येतं, त्याला फी नाही. गुरुजींचं अपील मी काकूंच्या नातीला शेजारी बसवून तिच्या मोबाइलवरून भरायला लावलं, पॉवर मीटरचे आकडे आणि तारखांसकट. आता पुढच्या आळीतले दोघं तिच्याकडेच आपले अर्ज घेऊन येतात.